प्रेशर वॉशर घ्यायचाय? आधी बार नाही, बादली बघा

जळगाव-भुसावळ रोडला माझं सात वर्षं वॉशिंग सेंटर होतं, आता ते लहान भाऊ बघतो अन् मी पंप-मोटरची दुरुस्ती करतो. प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या धारेने धुवायचं मशीन, कोणतं घेऊ असं विचारणारे आठवड्यात दोन-तीन फोन तर ठरलेलेच. परवा चोपड्याकडून एकाचा आला, "भाऊ, दोनशे बारचं मशीन भेटतंय, घेऊन टाकू का?" मी विचारलं लिटर किती? तिकडून एकदम शांतता. मग म्हणे, "लिटर म्हंजे? ते डिझेलवर नाहीये, लाइटीवरचं आहे."

हसू नका, मी पण असाच फसलेलो आहे. माझं पहिलं मशीन, खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात १८० बार, दुकानदाराने दुकानासमोरची फरशी धुऊन दाखवली अन् मी पैसे मोजून मोकळा. मे महिना, जळगावचं ऊन म्हणजे ४४-४५ डिग्री, अन् तिसऱ्याच दिवशी असोद्याचा एक ट्रॅक्टर आला, मागे रोटाव्हेटर, त्याला बोटभर काळी माती चिकटून वाळलेली. तासभर मारत बसलो. पाण्याची धार त्या मातीत पेन्सिलीने रेघा ओढाव्या तशा रेघा ओढत होती, अन् माती जागची हलेना. मग वास आला. कार्बन ब्रश गेले, आर्मेचर काळं पडलं. दुकानात नेलं तर तो म्हणे, "हाई घरगुती मशीन शे भाऊ, दिवसभर चालाव नही." हे खोक्यावर कुठंच नव्हतं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. बार म्हणजे पाण्याचा दाब, तो मळ सोडवतो, पण वाहून नेतं ते पाणी, म्हणजे मशीन मिनिटाला फेकतं ते लिटर. अन् आपल्याकडच्या काळ्या मातीला बारपेक्षा लिटर जास्त लागतात. बाकी मशीन मरतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी, पाणी कमी पडलं नाहीतर व्होल्टेज कमी पडलं.

आधी घरी बसून काय करायचं

दुकानात जायच्या आधी एक कागद घ्या अन् तीन गोष्टी लिहा. काय धुवायचंय, दिवसाला किती तास धुवायचंय, अन् तुमच्याकडे पाणी अन् लाइट काय आहे. "सगळंच धुवायचंय" असं लिहू नका, सगळंच धुणारं मशीन नसतं. जे काम रोजचं आहे त्याच्यावर मशीन ठरवायचं, वर्षातून दोनदा गच्ची धुवायची असेल तर ती कशानेही धुतली जाते.

तास लिहिताना प्रामाणिक राहा. आठवड्याला दोन गाड्या अन् एक बुलेट धुणाऱ्याला ब्रशवाली मोटर चालते, हलकी असते, आवाज फार करते, पण अर्धा तास चालवून ठेवून द्यायचं असेल तर काही बिघडत नाही. रोज दोन तासाच्या वर काम असेल तर इंडक्शन मोटर, म्हणजे बिनब्रशची, पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यातही १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे फिरणारी, मिळाली तर २८०० वाल्यापेक्षा चांगली. पंप हळू फिरतो, सील कमी घासतात, मशीन जड असतं पण थंड राहतं. जड आहे म्हणून नाक मुरडू नका, आपल्याला ते डोक्यावर घेऊन नाचायचंय का?

बार, लिटर अन् एचपीचा हिशोब

१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. काही दुकानदार पीएसआयमध्ये आकडा सांगतात कारण तो मोठा वाटतो, १४५० पीएसआय ऐकलं की माणूस दबतो, आहे ते १०० बारच. काही जण "किलो" म्हणतात, तो बारच्या जवळपासच येतो. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा मॅक्सिमम असतो, म्हणून काम करतानाचा म्हणजे वर्किंग प्रेशरचा आकडा विचारायचा.

आता ही युक्ती पाठ करून ठेवा. वर्किंग बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ३८०, जे येईल तेवढी एचपी मोटरला लागतेच. १०० बार अन् ११ लिटर, म्हणजे ११००, भागिले ३८०, जवळजवळ ३ एचपी. १२० बार अन् १५ लिटर म्हणजे पावणेपाच, तिथं ५ एचपी. आता कोणी तुम्हाला "२०० बार, १० लिटर, २ एचपी" सांगितलं तर हिशोब करा, सव्वापाच एचपी येते. म्हणजे बार तरी खोटा, लिटर तरी खोटे, नाहीतर दोन्ही. मोबाइलचं कॅल्क्युलेटर दुकानदारासमोरच काढा, त्याचा बोलायचा सूर बदलतो.

लाइट

सिंगल फेजवर ३ एचपीच्या वर जायचं नाही, असं माझं मत. ३ एचपीलाच १४ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, घरातला मोठा प्लग तिथंच संपला. अन् संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर आलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, गरम होते, अन् एक दिवस धूर. म्हणून व्होल्टमीटर लावा, अन् २०० च्या खाली मशीन चालवू नका. वायर पण बघा. पोरं टेबल फॅनची एक्स्टेन्शन वायर लावतात, ती गुंडाळी तशीच ठेवून, मग ती वितळते. १५-२० मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम, त्याच्यापुढे ४, अन् गुंडाळी पूर्ण उलगडून.

धंदा करायचा असेल तर थ्री फेज घ्या, ५ एचपी आरामात चालते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा, विहिरीच्या मोटरीला लावतो तसाच, एक फेज गेला की मशीन बंद. मळ्यात ठेवणार असाल तर शेतीच्या फिडरला थ्री फेज दिवसाचे आठ-दहा तासच असतो, कधी रात्रीचाच, हे धरून चाला. अन् शेतीच्या मीटरवर वॉशिंग सेंटर चालवायचा विचार डोक्यातून काढा. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये असा वापर बसतो अन् आकारणी दुप्पट दराने होते. पेट्रोल-डिझेल इंजिनवाली मशीन मळ्यासाठी चांगली, फक्त बंद शेडमध्ये चालवू नका, धुराने माणूस जातो.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) अन् चांगलं अर्थिंग, याच्यात कंजुषी नको. ओल्या जमिनीवर ओल्या चपला घालून तुम्ही लाइटीचं मशीन चालवताय.

आता बादली

ज्या नळावर मशीन लावायचंय तिथं २० लिटरची बादली लावा अन् घड्याळ बघा. एक मिनिट वीस सेकंदात भरली तर १५ लिटरचा नळ आहे. मशीनला जेवढे लिटर लागतात त्याच्या सव्वा-दीडपट पाणी आत यायला पाहिजे. कमी आलं तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, आत बुडबुडे फुटतात, खडखड आवाज येतो, अन् काही आठवड्यांत पंपाच्या हेडला आतून खड्डे पडतात. दुकानदार म्हणेल वॉरंटीत नाही, अन् तो खरं बोलत असेल.

चोपड्याच्या त्या भाऊला पण बादली लावायला सांगितली. सव्वादोन मिनिटं लागली, म्हणजे ९ लिटर. त्याला पाहिजे होतं १५ लिटरचं मशीन. तेव्हा त्याने आधी हजार लिटरची टाकी घेतली, मशीनपेक्षा उंच ठेवली, अन् खाली पाऊण इंची पाइप काढला. हेच करायचं असतं. टाकीला झाकण, तोंडाला फिल्टर, अन् तो फिल्टर रोज धुवायचा, तापीकाठच्या पाण्यात बारीक रेती येते अन् ती पंपातल्या सिरॅमिक प्लंजरला (पुढे-मागे होऊन पाणी दाबणारा दांडा) कानस मारल्यासारखी घासते.

बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे घरी गिझरच्या कॉइलला पांढरी खपली धरत असेल, तर तीच खपली व्हॉल्व्हमध्ये पण धरते. गाडीच्या काचेवर पांढरे ठिपके येतात ते वेगळंच, गिऱ्हाईक त्याच्यावरून भांडतं. शेवटचं पाणी तरी गोडं ठेवा. अन् उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचं पाणी सरळ पंपाला देऊ नका, मे मध्ये त्या पाण्यात हात घालवत नाही, सील नरम पडतात. टाकीवर शेडनेट टाका, केळीच्या रोपांवरचं जुनं चालतं.

कोणत्या कामाला काय

ट्रॅक्टर अन् अवजारं. १००-१२० बार, १५ लिटर, ५ एचपी. पण इथं मशीनपेक्षा पद्धत मोठी. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते अन् वाळली की आकसून घट्ट धरते, भेगा पडतात त्या त्याच्यामुळेच. तेव्हा वाळलेल्या गाऱ्यावर सरळ धार मारणं म्हणजे मूर्खपणा, मी तासभर केला तोच. आधी साध्या पाइपने भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा प्या, माती फुगून लोण्यासारखी होते, मग २५ डिग्रीच्या नोझलने (डिग्री म्हणजे धार किती पसरते ते) वरून न मारता बाजूने तिरपी धार घाला म्हणजे पोपडाच्या पोपडा निघून पडतो. रोटाव्हेटरच्या पात्यांच्या मुळाशी, जिथं नट असतात, तिथं आधी लाकडाने खरवडा. बेअरिंगच्या सीलवर, डायनामोवर, वायरिंगवर जवळून मारू नका. रेडिएटरला तर लांबूनच, जाळीच्या पात्या एकदा वाकल्या की हवा बंद, ट्रॅक्टर गरम. अन् धुऊन झाल्यावर सगळ्या निपलला ग्रीस मारा, जुनं ग्रीस अन् पाणी बाहेर येईपर्यंत. हे कोणीच करत नाही, मग म्हणतात धुतल्याने बेअरिंग गेलं.

गाड्यांचं वॉशिंग सेंटर. १५० बार, १५ लिटर म्हणजे हिशोबाने ६ एचपीच्या जवळ जातं, म्हणून बहुतेक जण ५ एचपीवर १२०-१३० बारला सेट करून चालवतात अन् ते पुरतं. कारच्या रंगाला त्याच्या वर लागतच नाही. पाण्याचा हिशोब, एका कारला ट्रिगर साधारण सहा-सात मिनिटं दाबलेला असतो, म्हणजे शंभर लिटर धरा, दिवसाला वीस गाड्या म्हणजे दोन हजार लिटर, टाकी त्याप्रमाणे घ्या. टायरच्या बाजूला फूटभर अंतर ठेवा, जवळून मारलं की आतल्या दोऱ्यांना मार बसतो अन् वरून काही दिसत नाही. अन् जमिनीत गाळाचा खड्डा केला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात नाली तुंबते, शेजारी दारात येतो.

ट्रक, टेम्पो. हायवेला असाल तर १५० बार, १८ लिटर, साडेसात एचपी. एका ट्रकला वीस मिनिटं ट्रिगर म्हणजे ३६० लिटर पाणी. चेसिसचं ग्रीस अन् डिझेलचा थर थंड पाण्याने नुसता पसरतो. त्याला एकतर डिग्रीझर, म्हणजे ग्रीस सोडवणारं औषध, मारून थांबा, नाहीतर डिझेल बर्नरवालं गरम पाण्याचं मशीन घ्या, ते पाणी ८०-९० डिग्रीपर्यंत नेतं. पण जड पाण्यात त्याची कॉइल लवकर चोंदते, म्हणून पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर नसेल तर मी घ्या म्हणणार नाही.

केळीचं पॅकहाउस. रावेर, यावल, मुक्ताईनगरकडून हल्ली हे फोन वाढलेत. कॅरेटवर केळीचा चीक बसून काळा झालेला असतो, तो ताजा असताना धुतला तर ८०-१०० बारला निघतो, आठवड्याने १५० ला पण नाही. म्हणजे मशीन मोठं करण्याऐवजी कॅरेट त्याच दिवशी धुवा. कॅरेट एकावर एक रचून धुवू नका, जमिनीवर तिरपं लावा. पाणी पिण्यालायक पाहिजे, फळाला लागणार आहे ते. अन् ज्या फोम टँकमधून ट्रकला डिग्रीझर मारला तोच इथं वापरायचा नाही.

गोठा. इथं लोक उगाच पैसे घालतात. ज्याच्याकडे फवारणीचा एचटीपी पंप आहे त्याने त्यालाच जाड नोझल लावून बघावं. ३०-४० किलो प्रेशर अन् चांगलं पाणी, शेण वाहून न्यायला तेवढं बास होतं. कोपऱ्यातली जुनी खपली निघत नसेल तरच ६०-८० बारचं मशीन. फक्त तोच एचटीपी असेल तर आधी औषधाचं पाणी तीनदा काढून टाका, टाकी-पाइप सगळं. गाई-म्हशी बाहेर काढून धुवा, मशीनच्या आवाजाने बुजतात. अन् पोळ्याला बैल प्रेशर वॉशरने धुणारे महाभाग मी बघितलेत. ते जनावर आहे भो, बंपर नाही.

गच्ची, पेव्हर ब्लॉक, शेवाळ. फ्लॅट सरफेस क्लीनर नावाची गोल ताटली मिळते, आत दोन नोझल फिरतात, ती लावा, पट्टे पडत नाहीत. पेव्हरच्या फटीतली रेती निघून जाते, नंतर परत भरा. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा कोट असेल तर ४० डिग्रीचं नोझल अन् लांबून. रंगकामाआधी भिंत धुवायची तर तसंच. पण गावातली जुनी धाब्याची घरं, मातीच्या भिंती, पांढऱ्या मातीचं छत, त्याला प्रेशर मशीन दाखवायचं सुद्धा नाही.

सोलर पॅनल. धुळ्याकडे, साक्रीच्या बाजूला सोलर खूप झालंय, तिकडून पण विचारतात. माझं उत्तर नाही असंच असतं. जोराच्या पाण्याने काचेला अन् कडेच्या सीलला इजा होते, वॉरंटी जाते. मऊ ब्रश, साधा पाइप, सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर थंड पाणी नको.

जिनिंग अन् डाळ मिल. तिथला कचरा कोरडा असतो. त्याला पाणी लावलं की लगदा होतो, अन् पॅनल बोर्डात पाणी गेलं तर काय होईल ते सांगायला नको. तिथं व्हॅक्यूम. वॉशर फक्त बाहेरच्या अंगणाला.

नोझल

लाल म्हणजे शून्य डिग्री, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणाचं. लाल मी पोरांच्या हातात देतच नाही. माझ्याच सेंटरवर एकाने लाल लावून ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं स्टिकर रंगासकट उडवलं अन् त्याचे पैसे मी भरले. शिवाय ही धार कातडीच्या आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं अन् आत सगळं सडतं, अशा वेळी हळद लावून बसायचं नाही, सरळ दवाखाना, अन् डॉक्टरला प्रेशर मशीनचं लागलंय हे आवर्जून सांगायचं.

नोझलवर आकडा असतो, २५०६ म्हणजे २५ डिग्री अन् भोकाचा ०६ नंबर. नंबर पंपाला जुळला पाहिजे. १० लिटर १५० बारला साधारण ०३५, १५ लिटर १२० बारला ०६. मोठा नंबर लावला तर प्रेशर येत नाही, लहान लावला तर मोटर रडते. अन् नोझल झिजून भोक मोठं झालं की प्रेशर उतरतं, लोक पंप खोलून घेऊन येतात माझ्याकडे, मी दुसरं नोझल लावतो अन् परत देतो. एक नवं नोझल खिशात ठेवा.

पाइप लांब लागत असेल तर दोन सुतीऐवजी (पाव इंची) तीन सुती घ्या, नाहीतर अर्धा दाब पाइपातच जिरतो.

दुकानात

पंप क्रँकवाला, तीन सिरॅमिक प्लंजरचा, हेड पितळेचं, हे तीन शब्द बोला. वॉबल प्लेटचा अॅल्युमिनियम हेडवाला स्वस्त असतो, तो रोजच्या कामाचा नाही. मग म्हणा चालू करून दाखव. नळावर नाही, २० लिटरच्या बादलीत सक्शन पाइप टाकून. १० लिटरचं मशीन असेल तर ट्रिगर सतत दाबून बादली दोन मिनिटांत रिकामी व्हायला पाहिजे. तीन मिनिटं लागली तर मशीन सात लिटरचंही नाही. बादली तळाला यायच्या आधी बंद करा, कोरडा पंप चालला की सील जळतात.

मग ट्रिगर सोडा अन् गेज बघा. अनलोडर व्हॉल्व्ह चांगला असेल तर पाणी बायपासला जाऊन मोटरचा आवाज हलका होतो. तसंच दोन मिनिटांच्या वर ठेवायचं नाही हे तिथंच शिकून घ्या, तेच पाणी आतल्या आत फिरून तापतं. माझ्या सेंटरवर पोरगा मशीन चालू ठेवून शेवभाजी खायला गेला होता, आला तेव्हा सील किट गेलेलं.

अन् सर्वात महत्त्वाचं, विचारा की सील किट अन् व्हॉल्व्ह किट आत्ता काउंटरवर आहे का. मुंबईहून मागवतो म्हणाला तर सीझनमध्ये तुमचं मशीन पंधरा दिवस बंद. मी तर मशीनबरोबरच एक किट घ्यायला लावतो.

जुनं घेत असाल तर

ऑइलची काच बघा. ऑइल दुधासारखं पांढरं झालं असेल तर पाणी आत गेलंय, सील गेले, भाव पाडा नाहीतर सोडा. चालू करून प्रेशरच्या पाइपवर हात ठेवा, एकसारखी थरथर चालते, पण तिसऱ्या ठोक्याला झटका लागत असेल तर एक व्हॉल्व्ह अडकलाय. पंपाच्या खाली फरशी कोरडी आहे का बघा. एखादा थेंब चालेल, धार नाही. मालक म्हणेल ऑइल कालच बदललंय. नवीन मशीनचं पहिलं ऑइल साधारण ५० तासांनी अन् मग मॅन्युअल सांगेल तसं बदलायचं असतं, विकायच्या आदल्या दिवशी कोणी हौसेने बदलत नाही. तेव्हा अर्धा तास सलग चालवायला लावा अन् काच परत बघा, पाणी जात असेल तर तेवढ्यात धुरकट व्हायला लागते.